मंत्रचळासाठी पायपीट

कराडात माझी ख्याती अशी, की मंडईत जायचं झालं तरी मी आधी रिक्षा बघते. त्यामुळे संक्रांत झाल्यावर मी खानदेशात जाऊन जळगाव ते धुळे पायी चालणार आहे, असं जाहीर केलं तेव्हा आळीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. शेजारच्या मालतीबाईंनी विचारलं, "नवस बोललाय का काही?" नवस नव्हता. माझा धाकटा भाऊ चालणार होता आणि त्याने 'अक्का, येशील का?' असं पत्र लिहून विचारलं होतं. अकरा वर्षांत त्याचं मला आलेलं ते पहिलं पत्र.

विनू जळगावला पाटबंधारे खात्यात नकाशे काढतो. नोकरी लागली तेव्हापासून तिथंच आहे. त्याला मंत्रचळ आहे. म्हणजे तो हात धुतो. एकदा धुतले की नळ बंद करताना नळाला हात लागला म्हणून परत धुतो, मग टॉवेलला लागला म्हणून परत. साबणाची वडी त्याच्याकडे दोन दिवसांवर टिकत नाही आणि बोटांना बारा महिने भेगा. कुणाच्या घरी पाणी पीत नाही, स्वतःची बाटली बरोबर ठेवतो. आम्ही सगळे याला सोवळं म्हणत आलो. आमची आत्या अशीच होती, तेव्हा घराण्यातलंच दुखणं म्हणून बाकीचे गप्प बसले. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. अकरा वर्षांपूर्वी तो कराडला आला आणि मी पुढे केलेल्या पाण्याला त्याने हात लावला नाही, तेव्हा मी भरल्या घरात विचारलं होतं, "माझ्या घरच्या पाण्याला विटाळ झालाय का रे?" तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला आणि परत आला नाही.

मध्यंतरी जळगावात मनोविकारांच्या एक डॉक्टरबाई आल्या. हा स्वभाव नाही, आजार आहे, त्याला इंग्रजीत ओसीडी म्हणतात आणि त्यावर गोळ्या आहेत, हे विनूला त्यांच्याकडून कळलं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! ज्यांना फी परवडत नाही अशा रोग्यांसाठी बाईंना फुकट तपासणीची एक खोली काढायची होती. त्यासाठी ही पदयात्रा. पाच दिवस चालायचं, वाटेतल्या गावांत थांबून आजाराबद्दल बोलायचं आणि मदतीचा डबा फिरवायचा.

विनू चालत होता तो मात्र खोलीसाठी नाही. धुळ्याला त्याची मुलगी वैशाली दिलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. वैशालीला दिवस गेले तेव्हा विनूने व्याह्यांना कळवलं, "इथं नको." कारण दिलं नाही. बाळंतपण सासरी झालं, माझी वहिनी तिथं जाऊन दोन महिने राहिली, आणि लोकांना बोलायला विषय मिळाला. वैशालीने बापाला पत्र टाकणं बंद केलं. नात आता साडेपाच महिन्यांची होती आणि विनूने तिला अजून बघितलंही नव्हतं. धुळ्याला पोचायचं आणि पोरीला हातात घ्यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'जमेल असं वाटत नाही. म्हणून तू ये.'

आता असं म्हटल्यावर कोण जाणार नाही?

गिरणेपलीकडे

निघताना आम्ही चौदा जण होतो. पुढे डॉक्टरबाई, साडीवर पांढरे बूट, चालणं असं की मागच्यांनी पळावं. दोघांच्या हातात कापडी फलक: 'मंत्रचळ हा आजार आहे. तो बरा होतो.' विनू सगळ्यांत शेवटी. पाळी आली तेव्हा फलक धरायला त्याने नकार दिला नाही, पण फलक तोंडासमोर येईल असा धरायचा. कचेरीत कुणाला त्याच्या आजाराचा पत्ता नव्हता. तो समाजसेवा करायला निघालाय असं सगळ्यांना वाटत होतं.

माझ्या जोडीला नाना होते. सावद्याचे केळीवाले, सत्तरी गाठलेली, धोतर, पायांत गावातल्या चांभाराने शिवलेल्या वहाणा. मी मुद्दाम विकत घेतलेले कॅनव्हासचे बूट बघून ते पहिल्याच मैलाला म्हणाले, "ताई, बूट नवे अन् पाय जुने. हे जमत नाही." दुपारपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. नानांनी पिशवीतून खोबरेल काढून दिलं आणि जिंकल्यासारखे हसले.

नाना का चालतात हे मी विचारलं. "माही बायको रोज झोपाच्या आधी वीस डाव कडी पाहे," ते म्हणाले. "मी म्हने, चोर आला त त्याले तुह्यंच भेव वाटीन. सगळे हासत. ती बी हासे. मंग पुन्हा उठे." थोडं चालून म्हणाले, "गेली बिचारी. ह्या डॉक्टरबाई तवा पाह्यजे होत्या."

आमच्याकडे केळ म्हणजे मोरीच्या पाण्यावर वाढलेलं परसातलं झाड. सत्यनारायणाला चार खांब कापून आणायचे, की तिचं काम संपलं. जळगावच्या आसपास मात्र नजर जाईल तिथवर केळीच. पानं वाऱ्याने फाटून त्यांच्या चिंध्या झालेल्या, आणि खाली ओल अशी गार की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावी. गिरणेच्या पुलावर आम्ही थांबलो. नदीत पाणी थोडं, वाळूच जास्त, आणि वाळूत टरबुजाच्या वाड्या. विनू कठड्याला हात न टेकता उभा होता.

पाळधीला पोचलो तेव्हा इथली एक रीत माझ्या नीट लक्षात आली. आमच्याकडे पाहुण्याला 'पाणी देऊ का?' असं विचारतात. इथं विचारत नाहीत. तुम्ही कोण, कुठले, हे कळायच्या आधी तांब्या-भांडं समोर येतं. पाणी प्यालात की मग 'बसा' आणि मग 'कोनतं गाव?' मला ही रीत फार आवडली. विनूच्या मात्र घशाला कोरड पडली. कारण डॉक्टरबाईंशी त्याचं ठरलं होतं: प्रत्येक मुक्कामी पाण्याचं भांडं हातात घ्यायचं. जमेल तेव्हा प्यायचं, पण हातात घ्यायचंच. पहिल्या दिवशी त्याने भांडं घेतलं, पाच मिनिटं धरून बसला आणि उठून कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतून आला. माझं तोंड उघडलंच होतं. डॉक्टरबाईंनी नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्या घरच्यांनी याची नोंद घ्यावी.

एरंडोल

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी लागली. वेचणी उरकत आली होती, तरी काळ्या रानात पांढरे ठिपके दिसत होते आणि कापसाने भरलेल्या गाड्या एकामागे एक जिनिंगकडे चाललेल्या. इथून बोलीही बदलत गेली. डोक्यावर भारा घेतलेल्या एका बाईने मला थांबवलं.

"कथा चालनात बाई, पायेपाये?"

"धुळ्याला."

"एष्ट्या बंद शेतस का?"

मी सांगितलं, एसट्या चालू आहेत, आम्ही हात धुवायच्या आजारासाठी चालतोय. तिने भारा सावरला. "हात धोवाना रोग? आमना पोरेस्ले हाऊ रोग व्हवाले पाहिजे!" विनू माझ्या मागेच होता. मला वाटलं तो दुखावला जाईल. तर तो हसला. त्याला हसताना बघून मला किती वर्षं झाली होती, ते मनात आलं आणि मी उगाच पुढे चालायला लागले.

एरंडोलच्या अलीकडे एका शेतकऱ्याने आम्हाला रानातच जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत. मी आजवर भरीत खाल्लं नव्हतं, हे मला तिथं कळलं. वांगी पांढुरकी हिरवी, हाताएवढी लांब. ती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काटक्यांच्या जाळात भाजतात, लाकडाच्या काथवटीत घालून लाकडी बत्त्याने ठेचतात. वर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची. मी आमच्याकडच्या सवयीने विचारलं, "दही नाही घालत?" शेतकऱ्याने माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की मी परत कुठल्याही पदार्थात दही आहे का, हे विचारलं नाही. तिसऱ्या घासाला मला उचकी लागली. चौथा घास मी तरीही घेतला.

इथं आमच्या डब्याची एक गंमत सांगायला हवी. लोक देत होते, पण रोख कमी. एकाने केळीचा अख्खा घडच आणून ठेवला. दुसऱ्याने पायलीभर दादर, म्हणजे इथली ज्वारी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही म्हणायचं नाही." मग तो घड आम्ही पाळीपाळीने खांद्यावर वाहिला आणि वाटेत भेटेल त्याला केळी वाटत सुटलो. मदत गोळा करणारे वाटत चाललेत म्हटल्यावर लोकांचा आमच्यावर विश्वास बसला आणि डबाही वाजायला लागला.

त्या संध्याकाळी विनूने भांड्यातल्या पाण्याने ओठ ओले केले. मग भांडं कुठं ठेवावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने ते स्वतः राखेने घासलं, तीन वेळा, आणि यजमानीणबाई लाजून म्हणत राहिल्या, "ऱ्हाऊ द्या ना भाऊ!"

पारोळा

पारोळ्याचा किल्ला गावाच्या मधोमध आहे. भुईकोट, भोवती खंदक, आत बाभळी आणि शेरडं. मला किल्ल्यात फारसं कळत नाही. चढायचा नसलेला किल्ला म्हणून मला तो आवडला. माझे फोड फुटून बरे व्हायला लागले होते आणि आता मीसुद्धा मुक्कामी पोचल्यावर अनुभवी माणसासारखी पाय पसरून बसत होते.

बाजारात डॉक्टरबाई ओट्यावर उभ्या राहून बोलल्या. डोकं एखादा विचार सोडत नाही, तो विचार खोटा आहे हे माणसाला कळतं, तरी सुटत नाही, असं त्या साध्या भाषेत सांगत होत्या. फलकावरचा शब्द वाचून एक म्हातारी नातवाला घेऊन आली आणि मला म्हणाली, "मंत्र मारनारी बाई तूच का?" मी तिला डॉक्टरबाईंकडे धाडलं. त्यांनी मुलाची जीभ बघितली, जंताची गोळी लिहून दिली. म्हातारी समाधानाने गेली.

तिथंच मला एक गोष्ट खटकली. बाजाराच्या कोपऱ्यात नगरपालिकेचा नळ होता. भोवती चिखल, शेजारी म्हैस. विनू तिथं गेला, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्याला. मी बघतच राहिले. लोकांच्या घरचं घासलेलं भांडं याला चालत नाही आणि म्हशीशेजारचा नळ चालतो? हे कसलं सोवळं?

मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण तुम्ही त्यांना विचारा."

अकरा वर्षांपूर्वी मी त्याला प्रश्न विचारला होता, तो उत्तर ऐकायला नव्हता. आता खरंच विचारायचं म्हटल्यावर मला धीर होईना. मी विचारलं नाही.

सुलोचनाबाईंचं घर

चौथ्या दिवशी पारोळ्यापुढच्या एका लहान गावात आमचं जेवण होतं. सोय केली होती सुलोचनाबाईंनी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बौद्धवाड्यात त्यांचं दोन खोल्यांचं, चुन्याने रंगवलेलं घर. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, त्याला कुलूप नाही. "गावातलं कुणीही नेतं. परत आणतात बहुतेक," त्या म्हणाल्या. उंच, ताठ बाई. आम्हाला अंगणातल्या सतरंजीवर बसवून त्या आत गेल्या आणि सुनेला न सांगता स्वतः ताटात पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या.

त्या दिवशी अठरा किलोमीटर चालणं झालं होतं, वारा समोरून. विनू दमला होता. पेला हातात घ्यायचा हे ठरलेलं तो विसरला. ताट समोर आलं तसा तो दचकून मागे सरला आणि त्याने पिशवीतून आपली बाटली काढली.

सुलोचनाबाईंनी ते बघितलं. ताट खाली ठेवलं.

इतर गावांत लोकांना वाटलं असेल, शहरातला माणूस, जरा नखरे आहेत. या अंगणात त्याचा एकच अर्थ होत होता. तो आम्हा सगळ्यांना एकदम कळला.

"आमच्या घरचं पाणी चालत नाही वाटतं भाऊंना," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

डॉक्टरबाई पुढे झाल्या. "बाई, गैरसमज नको. हा त्यांचा आजार—"

"डॉक्टरबाई, कारणं मी लहानपणापासून ऐकतेय. कुणाचा उपास असायचा, कुणाचं पोट बिघडलेलं असायचं. चहाच्या वेळेला नेमकं."

मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, मी याची सख्खी बहीण. माझ्या घरचं पाणी तो अकरा वर्षांत प्यालेला नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"भांडले."

"बरोबर केलंत," त्या म्हणाल्या आणि ताट उचलायला वाकल्या.

"बाई, थांबा." विनू होता तो. चार दिवसांत चारचौघांत तो पहिल्यांदा बोलत होता. बाटली त्याने खाली ठेवली होती आणि दोन्ही हात पुढे धरले होते, भेगाळलेले, पोरं शाळेत छडी खायला धरतात तसे. "तुमचं पाणी चांगलं आहे. माझे हात वाईट आहेत."

हात तसेच धरून तो पुढे बोलत राहिला.

"मी तोंड लावलेल्या पेल्यातून उद्या तुमच्या घरचं लेकरू पाणी पिणार. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळे. तुम्ही पेला घासाल. दोनदा घासाल. तरी मला वाटणार, काहीतरी राहिलं. मला कळतं की हे खरं नाही. पण डोकं ऐकत नाही. म्हणून मी कुणाच्याच भांड्याला तोंड लावत नाही. हिच्याही नाही." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "मुलीला बाळंतपणाला घरी आणलं नाही. तिला वाटतंय बापाला तिचा विटाळ होतो. मला माझी भीती वाटत होती, बाई. तान्हं पोर आणि हे हात."

पारोळ्याचा तो नळ मला आठवला. नळाला तोंड लावावं लागत नाही, त्याच्यामागून कुणी त्या भांड्यातून पिणार नसतं. अकरा वर्षं मी समजत होते की हा मला घाण समजतो. तो स्वतःला समजत होता. भरल्या घरात मी ओरडले होते त्या दिवशी तो माझ्या पोरांना जपत होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सुलोचनाबाई सतरंजीच्या कडेला, विनूच्या समोर बसल्या. बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

"माझ्या आजोबांना गावाच्या विहिरीवर चढू देत नसत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हाताने पाणी बाटतं म्हणे. आजी सांगायची, म्हातारपणी त्यांनाही कधी कधी वाटायचं, एवढी माणसं म्हणतात तर असेल काहीतरी आपल्या हातांत. ते खोटं होतं. पण मनातून जायला आमच्या पिढ्या गेल्या. तुम्हाला तर बाहेरचं कुणी म्हणतही नाही. तुमचंच डोकं म्हणतंय."

"हो."

"तेही खोटंच आहे."

"माहीत आहे," विनू म्हणाला.

"आणि एक सांगते, भाऊ. रागावू नका. पुढच्या घरी पाणी नाकारायच्या आधी हे बोलून टाकत जा. प्यायला जमो न जमो. तुम्ही गप्प राहता, आणि जखम समोरच्याला होते."

विनूने मान हलवली. मग ताटातला एक पेला उचलला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. तो प्याला. सगळं पाणी प्याला, आणि रिकामा पेला हातात धरून इकडेतिकडे बघायला लागला. आता हा राख शोधणार, हे आम्ही ओळखलं. सुलोचनाबाईंनी हात पुढे केला. पेला त्याच्याकडून घेतला, तांब्यातलं पाणी त्यात तसंच ओतलं आणि स्वतः प्याल्या.

"चला," त्या उठत म्हणाल्या, "डाळ निवतेय."

जेवायला घोटलेली उडदाची डाळ होती, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. नानांनी सुलोचनाबाईंच्या सुनेला सावद्याच्या केळीचा गुणधर्म सांगायला घेतला आणि अंगण पूर्ववत झालं. पण विनूचं तसं नव्हतं. तासभर तो पांढराफटक होता. मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "अक्का, त्यांना काही होणार नाही ना?" 'काही होत नाही' असं म्हणायचं नाही, हा डॉक्टरबाईंचा नियम. धीर दिला की तासाभराने तो परत मागायला येतो, म्हणे. मी म्हटलं, "मला माहीत नाही. तू भाकरी खा." त्याने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही. पाचव्यांदा विचारायला आला आणि न विचारताच परत गेला.

दुपारी शाळेच्या पटांगणावर सभा झाली. डॉक्टरबाई उठायच्या आत विनू उठला. फलक बाजूला ठेवून म्हणाला, "मी विनायक. हा आजार मला आहे." पुढे तो काय बोलला ते मी सांगू शकत नाही, कारण नाना माझ्या शेजारी बसून उपरण्याने नाक शिंकरत होते आणि मीही त्याच उद्योगात होते.

धुळे

शेवटच्या दिवशी विनू सगळ्यांच्या पुढे चालला. डॉक्टरबाईंना गाठायला पळावं लागलं, आणि मला ते बघून बरं वाटलं. पांझरेच्या अलीकडे शहर सुरू झालं, गिरण्यांची धुराडी दिसली. धुळ्याचे रस्ते सरळ, आखून काढल्यासारखे. विनू म्हणाला, "नकाशा चांगला काढलाय." चौकात सभा झाली, हार झाले, डॉक्टरबाईंनी सगळ्यांचे आभार मानले. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी तुमच्याबरोबर येत नाही. तिथं डॉक्टर नको."

वैशालीचं सासर एका गल्लीत होतं. वहिनी एसटीने पुढे येऊन गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. आम्ही तिघं पायऱ्या चढतो तोच विहीणबाई तांब्या-भांडं घेऊन दारात. विनू उंबऱ्याबाहेरच थांबला. आणि भांडं घ्यायच्या आधी त्याने सगळं सांगितलं. तेच, सुलोचनाबाईंना सांगितलेलं, बाळंतपणाचंही. विहीणबाई बिचाऱ्या भांडं धरून उभ्या. त्यांना निम्मं कळलं असेल. पण आतल्या खोलीचा पडदा हलला आणि वैशाली पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. ती सगळं ऐकत होती.

विनू पाणी प्याला.

"हे मला आधी का नाही सांगितलंत, बाबा?" वैशाली म्हणाली. रागाने म्हणाली. तो राग मला ओळखीचा वाटला, आमच्याच घरचा.

"सांगता येत नव्हतं ग."

"मला किती काय काय वाटलं."

"माहीत आहे."

तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "मोरी तिकडे आहे. रस्त्यावरून आलात. हात धुऊन या."

विनू गेला. आम्ही चौघी बाहेर. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. वहिनीने माझं मनगट धरलं. तो परत सुरू होईल म्हणून आम्ही कान देऊन बसलो होतो. बाहेर कुल्फीवाला ओरडत गेला. नळ परत वाजला नाही. विनू बाहेर आला, ओले हात समोर धरून, पुसायला काय घ्यावं हे न कळून. वैशालीने पदर पुढे केला. त्याने पदराला हात पुसले.

तो भिंतीला टेकून चटईवर बसला आणि तिने पोरीला त्याच्या मांडीवर ठेवलं. पोर गोल डोळ्यांची, टक्कल असलेली. तिने आजोबाचं निरीक्षण केलं, चष्म्याला हात घालून बघितला, तो काही हाताला लागला नाही. मग तिने त्याचं बोट पकडलं, भेगा पडलेलं, आणि थेट तोंडात घातलं.

विनू ताठ झाला. वहिनी उठायला लागली, मी तिला खाली ओढलं. पोरगी मन लावून चोखत होती, लाळ त्याच्या मनगटापर्यंत ओघळली होती.

"दात येताहेत तिला," वैशाली म्हणाली. "चावेल हं, बाबा."

"चावू दे," विनू म्हणाला.